जागेवर थांबा

अग्निशामक दलाच्या हॉलमधला बंब बाहेर ढकलून
आम्ही टेबल-टेनिसची दोन टेबलं जोडली.
हिरव्या कापडाखाली थर्माकोल : हे प्रात्सेचं पठार.
वार्निशचे दोन हात, वर मेण : ही गोठलेली तळी.
खोऱ्यात कापूस. कापूस म्हणजे धुकं.
खिडकीतून खरं पठार दिसतं,
तिथलं बीट काढून झालंय, खरं धुकंही उतरलंय,
पण त्याला कोण विचारतो.

मी पंच.
तेहतीस वर्षं या गावचं टपाल वाटलं
एकही पाकीट न उघडता, म्हणून मला नेमलं.
सेनापतींनी हुकूम लिहायचा, पाकीट चिकटवायचं,
मी वेळ झाली की फोडायचं.
एक डाव म्हणजे वीस मिनिटं.
एक शिपाई म्हणजे तीस शिपाई.
उरलेले एकोणतीस कुठे उभे राहतात,
ओतिल्कानं विचारलं. ती सात वर्षांची आहे.
नियमपुस्तकात नाही, मी म्हटलं.

झ्बिन्येककडे फ्रेंच. अख्खा हिवाळा
त्यानं भिंगाखाली बटणं रंगवली.
ओल्द्रिखकडे रशियन आणि ऑस्ट्रियन.
काय व्हायचंय ते सगळ्यांना पाठ :
पठारावरचे सकाळी खाली उतरणार,
कापसातून झ्बिन्येकचे वर चढणार,
टेकडी मोकळी, फौज दुभंगलेली, आणि मग ते ऊन.
शिळ्या कढीला ऊत, दर डिसेंबरला.

पहिलं पाकीट फोडलं. ओल्द्रिखचं अक्षर :
जागेवर थांबा.
दुसरं. थांबा.
तिसऱ्यात कोरा कागद,
घडी मात्र नीट घातलेली.

"अरे, उतर की!"
"का उतरू?"
"ते उतरले होते."
"त्यांना माहीत नव्हतं."

घोडं तिथंच पेंड खात राहिलं.
चौथ्या डावाला नियमाप्रमाणे मी कापूस उचलला.
खोऱ्यात झ्बिन्येकचे शिपाई उघडे पडले,
दाटीवाटीनं, वर तोंड करून,
न्हाणीघराचं दार कोणी चुकून ढकलावं तसे.
वरचे खाली बघत होते.
फासे बिअरच्या पेल्याशी पडून. मोजपट्टी गुंडाळलेली.
हीटर तेवढा टकटकत होता.

पंचांनी सांगावं, झ्बिन्येक म्हणाला.
उतरण्याचा हुकूम होता, वरून आलेला.
पुढचं माहीत असणं ही लबाडी नाही का?

मी पुस्तक पालथं घातलं.
धुक्याला दीड पान आहे. चिखलाला एक.
तळ्यावरचा बर्फ कधी फुटतो त्याचा तक्ता आहे,
तळी उपसली तेव्हा म्हणे माणसं थोडीच निघाली
आणि घोडे पुष्कळ, तरी तक्ता आहे.
न उतरण्याबद्दल ओळ नाही.

तेव्हा ओल्द्रिख बोलला. तो फारसा बोलत नाही.
त्याच्या रानात नांगराला अजून गोळ्या लागतात,
शिशाच्या, बोराएवढ्या.
दोन डबे साठले होते. ते त्यानं वितळवले,
साच्यात ओतले.
"हे त्यातलेच," बोट पठारावर,
"यांना परत खाली नाही पाठवणार."

झ्बिन्येक बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आधी सांगायचं होतंस,
मी एवढी सँडविचेस आणली नसती.

सहाला हॉल सोडायचा होता.
मेलेल्यांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो,
ओतिल्कानं तो उघडून बघितला, हलवला,
आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद त्यात ठेवलं.
आवरताना झ्बिन्येकचा एक ढोलवाला
कोपराच्या धक्क्यानं कडेवरून पडला. मान तुटली.
डाव संपला होता. मी नोंद केली नाही.
त्यानं तो रुमालात गुंडाळून वरच्या खिशात घातला.

कुलूप लावून बाहेर आले तर अंधार.
खऱ्या पठारावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर
दिवे लावून सावकाश खाली येत होता.
धुक्यात शिरला. दिवे गेले,
आवाज येत राहिला.
मी फाटकाशी उभी राहिले
तो सडकेला लागेपर्यंत.